रात्रीचे दार कोण उघडणार? सायकलप्रवासातील मुक्काम आणि रोजच्या खर्चाचा इतिहास

१.
नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी मौदा हे गाव आहे. आज औष्णिक वीज केंद्रामुळे त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मोटारीने हे अंतर तासाभरात संपते. बैलगाडीला ते दीड-दोन दिवसांचे होते आणि सायकलला एका सकाळचे. लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासात रात्री कुठे झोपत, रोज किती खर्च होई आणि तो कोण सोसत असे, हे समजून घ्यायला एवढे एक अंतर पुरेसे आहे. हा धागा त्याच हिशेबाचा.

२.
आधी रस्ता पाहू. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत हा नवा प्रांत निर्माण झाला. पुढच्या काळात नागपूरहून भंडारामार्गे रायपूरला जाणारा मोठा रस्ता बांधला गेला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ असे आहे. याच मार्गाला पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आज त्याचा क्रमांक ५३ आहे आणि तो सुरतजवळच्या हजीऱ्यापासून ओडिशातील पारादीपपर्यंत जातो.

३.
१८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली. ती मात्र उत्तरेकडून, कामठी, तारसा, भंडारा रोड अशी. मौद्याला स्थानक मिळाले नाही. त्यामुळे रेल्वेयुगातही मौदा हे रस्त्याचेच गाव राहिले. पायी चालणारे, गाडीवान, पुढे सायकलस्वार आणि त्यानंतर मोटारवाले असे सर्व प्रवासी त्याच्या वेशीवरून गेले. प्रवासाचे साधन बदलले की अशा गावाचे काम कसे बदलते, हे येथे स्पष्ट दिसते.

४.
सायकलपूर्व काळात एका दिवसाची मजल साधारणपणे दहा-बारा मैलांची असे. म्हणून दर पाच-सहा कोसांवर रात्रीच्या आसऱ्याची काही ना काही सोय लागे. सराई, धर्मशाळा, गावची चावडी, मारुतीचे देऊळ, आणि नागपूर प्रांतात मालगुजाराचा वाडा. रोख पैसा फारसा लागत नसे. शिधा मिळे, चुलीला तीन दगड मिळत, अंथरायला घोंगडी असली की झाले. पण त्याआधी तीन प्रश्न विचारले जात : कोण, कुठले, कोणापैकी? झोपायला ओसरी मिळणार की गावकुसाबाहेरचे झाड, हे या उत्तरांवर ठरे. त्या काळच्या मुक्कामाचे भाडे नाण्यांत मोजले जात नसे. ते जातीत आणि ओळखीत मोजले जाई.

५.
आता सायकल. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच सुमारास बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले; पुढच्या किर्लोस्कर उद्योगाचा उगम या दुकानात आहे. म्हणजे आधुनिक सायकल जन्मताच मराठी मुलखात पोहोचली होती. ती होती मात्र विलायती आणि महाग. सामान्य माणसाच्या हाती ती यायला अजून काही दशके जायची होती.

६.
सायकलने काय बदलले, ते साध्या गणिताने पाहू. नागपूर ते रायपूर सुमारे २९० किलोमीटर. रोज बारा मैल, म्हणजे १९ किलोमीटर चालणाऱ्याला पंधरा दिवस लागत. रोज ७०-७५ किलोमीटर जाणारा सायकलस्वार हेच अंतर चार दिवसांत कापतो. वाटेतल्या रात्री चौदावरून तीनवर आल्या. चौदा वेळा आसरा मागायचा, त्याऐवजी तीनदा. पायी प्रवाशाला मौदा मुक्कामाचे गाव होते. सायकलस्वारासाठी ते पाणी पिऊन, चाकात हवा भरून पुढे निघण्याचे ठिकाण झाले. रात्रीचा मुक्काम आता भंडाऱ्याला किंवा त्याही पुढे.

७.
सायकलप्रवासाच्या रोजच्या खर्चाची तीन खाती मांडता येतात : पोट, पाठ आणि चाक. पोटाला अन्न, पाठीला अंथरूण, चाकाला दुरुस्ती. यातले चाकाचे खाते नवे होते. बैल चरून पोट भरतो, सायकलला मात्र ट्यूब, सोल्यूशन, ठिगळ, पाना आणि पंप लागतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर बाभळीचा काटा हा सायकलचा जुना वैरी. शहरात शिरताच नगरपालिकेचा सायकलकर आणि त्याचा बिल्ला, रात्री दिवा नसल्यास दंड, हेही याच खात्यातले. तरीही तिन्हींत सर्वांत अनिश्चित खाते पाठीचेच राहिले.

८.
सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले गृहस्थ थॉमस स्टीव्हन्स. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले स्टीव्हन्स १८८६ मध्ये हिंदुस्थानात आले आणि लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यास गेले. त्यांची सायकल म्हणजे पुढे प्रचंड आणि मागे इवलेसे चाक असलेली जुन्या धर्तीची. अशा परक्या प्रवाशासाठी इंग्रजी राज्याने एक सोय आधीच उभारून ठेवली होती : डाकबंगला.

९.
डाकबंगल्याचा सर्वसाधारण दर माणशी दिवसाला एक रुपया असे. त्यात छप्पर, खाट, मेज, खुर्ची आणि न्हाणीघर मिळे. जेवणाचे पैसे वेगळे. ते खानसाम्याला द्यायचे. चोवीस तास राहून झाले आणि नवा प्रवासी दारात आला, तर जुन्याने जागा सोडायची असा रिवाज. पाहुणा दिसताच खानसामा कोंबडीमागे धावे आणि थोड्याच वेळात ती ताटात येई. अँग्लो-इंडियन बोलीत या पदार्थाला ‘सडन डेथ’, म्हणजे आकस्मिक मृत्यू, असे नाव पडले होते. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात ते नोंदवलेले आहे.

१०.
एक रुपया म्हणजे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. साहेबाला तो किरकोळ होता. रोजंदारीवर जगणाऱ्याला मोठा होता. शिवाय बंगल्याची सगळी मांडणी साहेबाच्या सवयींना धरून केलेली : मेज, काटे-चमचे, विलायती जेवण. त्यामुळे एकाच रस्त्यावर मुक्कामाच्या दोन वेगळ्या जगांची सोय झाली. एक पैशावर चालणारे, दुसरे ओळखीवर. सायकलस्वार कोणत्या जगात झोपणार, हे त्याच्या सायकलीवरून ठरत नसे.

११.
१८९७ च्या अखेरीपासून फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याने हिंदुस्थानात सायकलवरून भटकंती केली. १९०४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. सायकलवर किती सामान लादणार? चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातले मांस, पाणी, प्रत्येकी एक घोंगडी, उशा, लेखनसाहित्य, औषधे आणि दुरुस्तीची हत्यारे. कधी कधी एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागली.

१२.
वर्कमन दांपत्य सधन होते. तरीही जिथे दुसरी सोय नसे तिथे त्यांनी रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षागृहात रात्र काढली आणि शक्यतो रेल्वेमार्गाच्या जवळपास राहणे पसंत केले. हा तपशील बोलका आहे. खिशात पैसा असूनही छप्पर मिळेलच असे नाही, आणि सायकल ज्या रेल्वेपासून सुटका करून देते असे वाटते त्याच रेल्वेच्या आधाराने ती चालते. मौद्यासारख्या रेल्वेपासून दूर राहिलेल्या गावांतून जाताना असा आधार नसे. तिथे माणसांचेच दार ठोठवावे लागे.

१३.
मग १९२३ साल आले. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी जगप्रदक्षिणेसाठी पायडल मारले : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, केकी पोचखानावाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमान कापडिया. हे सारे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. मेसोपोटेमियाचे वाळवंट, आल्प्सचे घाट, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले ते तिघे : हकीम, बापासोला आणि भूमगरा. अंतर भरले सुमारे ७१,००० किलोमीटर.

१४.
आता या आकड्यांना मौद्याची मोजपट्टी लावू. चार वर्षे पाच महिने म्हणजे १,६०० हून अधिक दिवस. ७१,००० ला तेवढ्याने भागले की सरासरी येते दिवसाला सुमारे ४४ किलोमीटर. नागपूरहून निघून मौदा ओलांडून थोडे पुढे जावे, एवढेच! विश्रांतीचे, आजारपणाचे, जहाजांची वाट पाहण्याचे दिवस धरून ही सरासरी आहे. जगप्रदक्षिणेत एका दिवसाचे अंतर अचाट नसते. ते रोज, वर्षानुवर्षे कापावे लागते आणि तेवढ्याच रात्रीही काढाव्या लागतात.

१५.
१,६०० रात्री! डाकबंगल्याचा एक रुपया हा दर कल्पनेने सगळीकडे लावला, तर तिघांचे केवळ मुक्कामाचे भाडे ४,८०० रुपये होते. परदेशातील हॉटेलांचे दर याहून अर्थातच वेगळे होते. पण हा ढोबळ आकडासुद्धा एक गोष्ट स्पष्ट करतो : एवढ्या लांबीचा प्रवास प्रत्येक रात्र विकत घेऊन करणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. यजमान, संस्था, उघड्यावरची झोप आणि उपाशी काढलेले दिवस यांच्याशिवाय हा जमाखर्च जुळत नाही. १९३१ मध्ये त्यांचे ‘विथ सायक्लिस्ट्स राउंड द वर्ल्ड’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले.

१६.
हे वेड सहा जणांवर थांबले नाही. १९२४ मध्ये फ्रामरोज दावर सायकलवर निघाले; पुढे एका ऑस्ट्रियन सोबत्याबरोबर त्यांनी सहारा वाळवंट आणि अॅमेझॉनचे जंगल पार केले. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले ते १९४२ मध्ये परतले. नऊ वर्षे, ८४,००० किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने तीन हजार रात्री. त्यांची सरासरी आणखी कमी, दिवसाला जेमतेम २५-२६ किलोमीटर. नागपूरहून निघाले तर मौदासुद्धा लागले नसते.

१७.
या गौरवशाली इतिहासाशेजारी एक दुसरे पान ठेवायला हवे. सायकलस्वारांच्या आधी काही वर्षे, अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात त्यांना पारशी नाव सांगून राहावे लागले. राहणे-जेवण धरून दर दिवसाला दीड रुपया. पैसे होते, पदव्या होत्या, नोकरी होती. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे स्वतः लिहिले आहे.

१८.
बडोद्याच्या प्रसंगामुळे सायकलवीरांचे कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही आणि तो एका समाजापुरताही नाही; त्याच लेखनात हिंदू आणि मुसलमान समाजांकडून आलेले अनुभवही आहेत. मुद्दा हिशेबाचा आहे. सायकल, रस्ता आणि दीड रुपया एवढ्यावर प्रवास होत नसे. त्यासाठी असे नाव लागे, जे ऐकून दार उघडेल. मध्य प्रांतातल्या एखाद्या दलित तरुणाने त्या काळी सायकल मिळवली असती, तरी संध्याकाळी कोणत्या विहिरीवर पाणी प्यायचे आणि कोणत्या ओसरीवर टेकायचे, हा प्रश्न चाकांनी सुटला नसता. लांब पल्ल्याचे प्रवासी कोण झाले आणि कोण होऊ शकले नाहीत, याचे उत्तर पायांतल्या बळापेक्षा रात्रीच्या मुक्कामात अधिक सापडते.

१९.
या प्रश्नावर विदर्भाच्याच एका माणसाने दगड-विटांत उत्तर दिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज. अंगावर चिंध्या, हातात खराटा, स्वतःसाठी झोपडीही नाही; पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या हाती सोपवली. आयुष्यभर पायी फिरलेल्या माणसाला प्रवाशाची खरी गरज अचूक कळली होती. रस्ता सरकार बांधते. रात्रीचे छप्पर समाजाला बांधावे लागते.

२०.
स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. देशी कारखान्यांच्या सायकली गावोगावी पोहोचल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तिच्याबरोबर वाड्यांवरच्या पाहुणचाराचा जुना थाटही ओसरला. गावात शाळा, ग्रामपंचायत, विश्रामगृह आले. डिसेंबर १९८५ मध्ये आनंदवनाच्या बाबा आमटे यांनी ‘भारत जोडो’ यात्रा काढली. कन्याकुमारी ते काश्मीर, ५,०४२ किलोमीटर, सायकलवर ११६ तरुण-तरुणी. बाबांचे वय तेव्हा सत्तरीपार आणि पाठीचे दुखणे असे की बसणे अशक्य. ते वाहनातून सोबत होते. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, इटानगर ते ओखा, ७,५४६ किलोमीटर.

२१.
शंभरावर माणसांचा मुक्काम हा एकट्या प्रवाशाच्या मुक्कामाहून वेगळा प्रकार असतो. एक-दोघांना कुणीही ओसरी देईल. एवढ्यांची भाकरी, पाणी, झोपण्याची जागा म्हणजे अख्ख्या गावाचे काम. आणि त्या यात्रेचा हेतूच तो होता. जाती-धर्मांत फाटत चाललेल्या देशात अनोळखी तरुणांसाठी दारे उघडतात का, हे पाहणे आणि उघडायला लावणे. ‘कोण, कुठले, कोणापैकी’ या जुन्या तीन प्रश्नांना ‘भारताचे’ एवढे एकच उत्तर देऊन पाहण्याचा तो प्रयोग होता. येथे मुक्काम हा प्रवासाचा खर्च उरला नाही, तोच प्रवासाचा उद्देश ठरला.

२२.
आजचे सायकलपटू वेगळ्या गणिताने चालतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका खंड आडवा कापणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याच्या गटात पूर्ण केली. अशा शर्यतीत झोप काही तासांचीच, पण मागे मदतनीसांचा ताफा आणि गाड्या लागतात. मुक्कामाचे खाते आकसते आणि सोबत्यांचे फुगते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली, दिवसाला १८० किलोमीटरहून अधिक. एकट्या स्त्रीने अनोळखी मुलखात रात्र काढणे हा हिशेब तर फॅनी वर्कमन यांनाही मांडावा लागला नव्हता. त्यांचे पती बरोबर होते.

२३.
महामार्गावर आजही सायकलवरचे यात्रेकरू दिसतात. दोन पिशव्या, पाण्याची बाटली, मागे तिरंगा. ते धाब्याच्या बाजेवर, पेट्रोल पंपाच्या आडोशाला, गुरुद्वाऱ्यात किंवा मंदिराच्या सभामंडपात झोपतात. लॉजमध्ये आधार कार्ड मागतात. सायकलप्रवाशांना घरी उतरवून घेणारी यजमानांची जाळी आता मोबाइलवर आहेत. साधने नवी, प्रश्न मात्र जुनाच : कोण, कुठले?

२४.
इतिहासात विक्रम नोंदले जातात ते किलोमीटरमध्ये आणि दिवसांमध्ये. ज्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, घोंगडी दिली, पंक्चरचे पैसे घेतले नाहीत, त्यांची नावे त्या नोंदींत येत नाहीत. ती शोधायची तर रस्त्याकाठच्या गावांतच शोधावी लागतील. जुन्या धर्मशाळांच्या भिंतींवर देणगीदारांच्या नावाच्या पाट्या आहेत, बांधकाम खात्याच्या विश्रामगृहांत जुन्या नोंदवह्या असू शकतात, आणि ओसरीवर कोण उतरले होते हे सांगणारी म्हातारी माणसे अजून हयात आहेत. ज्याच्याकडे सायकल आणि एक रिकामी वही आहे, अशा कोणत्याही तरुणाला हे काम मौद्यापासून सुरू करता येईल. वहीत पोट, पाठ आणि चाक यांच्या शेजारी चौथा रकाना आखावा : आज दार कोणी उघडले.